श्वास रोखा

वैशाखात वेताळ टेकडीवर गवत राहत नाही,
कुसळं राहतात.
रोज मूठभर टेकडी मोज्यांतून उपसून
मी कोथरूडच्या बाल्कनीत झटकते.

कॅमेरा जुना. लेन्स हप्त्यांवर घेतलेली,
नवव्या हप्त्यालाच आत बुरशी धरलेली.
साडेपाचला खाणीच्या कडेने वर,
दहाला खाली डेक्कनवर,
अंधाऱ्या खोलीत लोकांना सांगायला:
छाती टेकवा. खांदे पुढे.
श्वास रोखा.
सोडा.

तेवीस वर्षं हेच.
इतक्या फासळ्या बघितल्यावर
टेकडीच्याही दिसू लागतात,
मुरमातून वर आलेल्या, काळ्या,
मधल्या खळग्यांत वाळलेलं काहीबाही.

इथे कुणी समोर येत नाही.
रातवा पाचोळ्यासारखा दिसतो म्हणतात,
खोटं आहे,
डोळा उघडेपर्यंत तो पाचोळाच असतो.
सरडा क्षणभर लालभडक होतो
आणि चूक लक्षात आल्यासारखा
पुन्हा फांदी.

केंगले मामा मात्र दुरून दिसतात.
दोन्ही हातांत पाच पाच लिटरचे कॅन,
गळ्यात टॉवेल, पायात मुलाचे जुने बूट.
त्यांचं गाव धरणात गेलं,
आणि आता उन्हाळाभर ते
या कोरड्या माथ्यावर पाणी चढवतात,
ग्लिरिसिडियाखालची मातीची परळं भरतात.
मी एकदा विचारलं, का?
म्हणाले, चढ चांगला आहे. गुडघे मोकळे होतात.

सोमवारी मला हातानेच थांबवलं.
तिकडं पाय देऊ नका.
काय आहे?
बघा की.
मी बघितलं. मुरूम. खडे.
शेळीच्या लेंड्या. पुन्हा खडे.
चार जवळजवळ पडलेले.
मामा हसले, आणि वाटेवर
बोरीची एक काटेरी फांदी
सहज टाकल्यासारखी टाकली.

मंगळवारी मी रजा टाकली.
कारण लिहिलं: घरगुती.

दुपारचा एक. पारा एक्केचाळीस.
खाली पौड रोडवर काँक्रीटचा गाडा फिरत होता,
त्याची घरघर उन्हातून वर येईपर्यंत
पातळ झालेली.
मी लांब, पोटावर, टॉवेलखाली.
टिटवी अंड्यांवर बसली नव्हती, उभी होती.
पंख किंचित सैल, चोच उघडी,
स्वतःची सावली
इकडची तिकडे सरकवत.

मग चालत परळापाशी गेली.
प्यायली नाही.
आत बसली,
जशी बाई नदीत लुगड्यासकट बसते,
पोट बुडवलं, अंग हलवलं,
आणि गळत्या पोटाने
घाईघाईने परत.

बसली. उठली.
आणि भिजलेली ती चार अंडी
एकदम काळी पडली,
चकाकली,
खड्यांतून वेगळी झाली.
ही इथे. एक, दोन, तीन,
चार.

श्वास रोखा,
मी मलाच म्हणाले.

सोडेपर्यंत ऊन फिरलं होतं त्यांच्यावरून
आणि तिथे पुन्हा खडे होते.

फोटो आला तो झळांनी थरथरलेला.
पुतण्याने स्क्रीनवर मोठा केला, आणखी मोठा केला,
आत्या, ह्यात आहे काय?
बघ की, मी म्हणाले,
आणि माझ्या तोंडून मामा बोलल्याचं
मागाहून लक्षात आलं.

उतरताना एका मुलाने जागा विचारली होती.
तोफेएवढी लेन्स, नवी कोरी टोपी, गोड मुलगा.
खाणीच्या पलीकडे, मी सांगितलं.
अलीकडे होतं.
पक्ष्यासाठी बोललेलं खोटं
कुठल्या खात्यात जमा होतं, मला माहीत नाही.

बुधवारी खोलीत एक आजोबा.
फासळ्या मोजता येतील इतके कोरडे,
बनियन काढून घडी घालून ठेवलेली.
छाती टेकवली. खांदे पुढे घेतले.
श्वास रोखा, मी म्हणाले,
बटण दाबलं,
आणि राखाडीतून एकेक हाड वर येताना
बघतच राहिले.

काचेपलीकडून दबका आवाज आला:
बाई,
सोडू का आता?