करंगळीएवढी धार

चैत्रापासून नळ करंगळीएवढा झाला.
बादली खाली ठेवून मी पीठ मळायची,
दोन पोळ्या शेकायची,
परत यायची तर बादली अर्धीच,
आणि धार अशी
की फुंकर मारली तर भिंतीला लागेल.

आर्वीचा रूपराव मेकॅनिक फोनवर म्हणाला,
"ताई, आधी विहिरीत पाहा."
पाहिले. दोरी सोडली, अठरा हात.
दर मे महिन्यात असते तेवढेच पाणी.
"मग फुटव्हॉल काढा."
गुंजनच्या बाबांनी काढला.
जाळीत शेवाळ, एक चिडलेला खेकडा,
आणि गुंजनची अर्धी निळी फणी,
जिच्यासाठी ती दोन वर्षांपूर्वी मार खाऊन बसली होती.
सगळे धुतले. पंपाच्या नरड्यात तांब्याने पाणी ओतले.
धार तशीच.

मग व्होल्टेज. दुपारी काटा एकशे ऐंशीवर डुलतो,
म्हणून पहाटे तीनला उठून पंप लावला.
काटा दोनशे तीस,
धार तशीच.
कंडेन्सर बदलला, साडेतीनशे गेले.
नळांच्या जाळ्या लिंबाच्या रसात भिजवल्या,
पांढरा खार सुटला, चहाच्या साखरेएवढा.
गावातले जो तो येऊन पंपाला म्हातारा म्हणून गेला.

शेवटी रूपराव स्वतःच आला, लुनावर.
हत्यारांची पेटी उघडलीच नाही.
म्हणाला, "सगळ्या तोट्या बंद करा, पंप चालू ठेवा,
अन् एक स्टीलचा गिलास द्या."
गिलास जमिनीवर पालथा घातला,
त्याच्या बुडाला कान लावला,
आणि विहिरीपासून भिंतीपर्यंत
बत्तीस पावले रांगत आला.
मध्येच कोंबडी ओरडली
तर तिच्याकडेही त्याने रागाने पाहिले.

पुदिन्याजवळ थांबला.

सगळे आवार करपलेल्या भाकरीच्या रंगाचे,
आणि खाटेएवढा हा तुकडा हिरवागार.
आत्याबाई आल्यागेल्याला दाखवायच्या,
"मे महिन्यातला पुदिना! माह्या हाताले यश हाय, बाप्पा."
कुंपणापलीकडच्या नलूबाई मुळ्या मागून न्यायच्या,
त्यांच्याकडे चार दिवसांत वाळायच्या.
त्यांच्या हाताला यश नाही
असे आम्ही कधीच ठरवून टाकले होते.
मीसुद्धा.

रूपराव काही बोलला नाही.
माझ्याकडे पाहिले, मग ओट्याकडे.
ओट्यावर आत्याबाई मिरच्यांचे देठ खुडत होत्या.
"खोद," त्या म्हणाल्या, मान वर न करता.

दोन फुटांवर सांधा सापडला.
त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी,
मामंजींनी गुंडाळलेली,
त्यांचीच ती डावखुरी गाठ.
गाठीच्या खालून पाणी सुईसारखे निघत होते,
किती वर्षांपासून, कोण सांगणार.

साठ रुपयांचा कपलर, थोडे सोल्युशन,
अर्धा तास हात लावू नका.
मग टाकी पस्तीस मिनिटांत भरून वाहू लागली,
आणि मोरीतल्या बादलीत धार अशी आदळली
की आत्याबाईंनी आतून विचारले,
"काय पडलं वं?"

पुदिना मी फुटक्या गंजात लावला.
आत्याबाई तांदळाचे धुवण घालतात, सकाळ-संध्याकाळ.
पाचव्या दिवशी पानांच्या कडा काळ्या पडल्या.

नलूबाई कुंपणाशी आल्या, खड्ड्याकडे पाहत उभ्या राहिल्या.
आत्याबाईंनी उरलेल्या मुळ्या त्यांच्या ओंजळीत घातल्या.
"माह्या हाताचं काही नव्हतं त्यात, नले.
पाइप फुटला व्हता."

नलूबाई हसतील असे मला वाटले. हसल्या नाहीत.
मुळ्यांची माती झटकत म्हणाल्या,
"तो रूपराव पुन्हा आला त मले आवाज द्या.
आमची बी धार बारीकच हाय.
पण आमच्या आंगणात
कुठंच काही उगवत नाही."