जकार्डवरचं यान

सत्या बुर्लाच्या काकाने बहारीनहून आणलेलं यंत्र,
पाटीएवढं, कळा रबराच्या,
खोडरबरासारख्या मऊ.
भद्रावती पेठेत खाली चार माग,
वर माळ्यावर आम्ही दोघं आणि टीव्ही.

खेळ कॅसेटमध्ये होता.
टेप लावली की पाच मिनिटं किंचाळायची.
मागांच्या खडखडाटात कुणाला ते खटकलं नाही,
फक्त अनसूयाक्का विड्या वळता वळता म्हणाली,
"त्याला तेल घाला की रे."

मग अक्षरं. चित्र नाही, काही नाही.
तू जागा झालास. यान रिकामं आहे.
उत्तरेला दार. हवा उरली: नव्वद.

सत्याच्या घरी तेलुगू, माझ्या घरी कन्नड,
शाळेत मराठी, यानात इंग्रजी.
दोन शब्दांच्या वर त्याला झेपत नव्हतं:
दिवा घे. दार उघड. खाली जा.
एकदा चिडून सत्याने तेलुगूत शिवी टाईप केली.
यान म्हणालं, मला हे समजलं नाही.
हवा उरली: एक्केचाळीस.
शिवीलाही एक श्वास लागतो,
हे आम्हाला तिथं कळलं.

लाईट गेली की चारही माग थांबायचे,
आणि वर, न सांगता, यान.
अंधारात अक्काची कात्री तेवढी चालू,
तेंदूपान मापात, न बघता.
लाईट आली की माग जिथं थांबले तिथून सुरू,
आमचं मात्र पुन्हा पहिल्यापासून:
तू जागा झालास.

म्हणून नकाशा काढला.
बालय्या दासरी ज्यावर मोर काढायचे
त्याच चौकटीच्या कागदावर, त्यांच्याच लाल पेन्सिलीने.
इंजिनघर, झोपायच्या पेट्या,
एक खोली जिथं कुणीतरी जेवण अर्धं सोडून गेलेलं.
आणि शेवटी पूर्वेचं दार,
जे कशालाच उघडत नव्हतं.
किल्लीला नाही, पहारीला नाही, प्लीजलाही नाही.
सगळा एप्रिल आम्ही त्या दारापाशी गुदमरून मेलो,
दिवसाला सात-आठ वेळा.

मे महिन्यात कॅसेट पत्र्याखाली राहिली.
त्रेचाळीस डिग्री. फीत सैल पडली.
त्यानंतर ती किंचाळायची तशीच,
पण यान काही यायचं नाही.

कागद कुणी आवरले, कसे गेले,
दासरी मामांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.
त्यांनी चौकोन मोजले, कार्डांना भोकं पाडली,
जकार्डवर चढवलं, आणि एक नमुना उतरला.
शेठ म्हणाले, "काय बे हे? नळाची पाईपलाईन?"
ऑर्डर नाही. चादर एकच.
ती माझ्याकडे आली, कशी ते मोठं आहे.

तेव्हा बघितलं:
नक्षी अर्धीच काढायची असते.
उरलेली अर्धी माग स्वतःच विणतो, उलटी.
आमचं पूर्वेचं दार बरोबर चादरीच्या मधोमध,
आणि त्याच्यापलीकडे तेच यान, आरशातलं,
तीच जेवणाची खोली,
तिथं कुणीतरी पश्चिमेच्या दाराला
आमच्यासारखंच धडका देत असणार.

सत्या आता भिवंडीत. माग भंगारात गेले,
किलोच्या भावाने. मी कधी विचारलं नाही
त्याला दार आठवतं का.
चादर तीस वर्षं धुतली. घट्ट विणीची,
तरी मधोमध, घडीवर, झिरझिरीत झाली,
मग विटून तिथं भोक पडलं, पेरभर.
मी ते तसंच ठेवलं होतं.

यंदा गड्ड्याच्या जत्रेला अक्का आली.
रात्री पांघरायला दिली तर तिनं
उजेडाकडे धरून बघितली, चष्मा नसताना,
म्हणाली, "फाटलंय की रे हे, बसू,"
आणि मी काही बोलायच्या आत
पिशवीतली सुई काढून
चार टाके घातले,
दोरा दातानं तोडला.