तिसऱ्या ढिगापाशी

बतूल आणि मी एकाच पोत्यावर बसतो,
अल्-ओबैदच्या वखारीत, दारापासून तिसऱ्या ढिगापाशी.
हशाबाचा डिंक निवडायचा.
अक्रोडाएवढे स्वच्छ खडे डावीकडे,
ते बोटीने जातात; कुठे, ते मुकादमालाही माहीत नाही.
साल चिकटलेले उजवीकडे.
चाळणीखाली उरते ती भुकटी आमची:
केसांत, पापण्यांवर, घशात.

पहिल्या वर्षी मी म्हणाले होते,
झाड रडतं बघ, किती नितळ रडतं.
बतूल हसली.
"रडतंय कुठलं! खपली आहे ती.
सुनकीच्या टोकाने साल सोलली की झाड खपली धरतं,
आपण ती काढून विकतो."
मग तिला खोकला आला, बराच वेळ.

डिंकाच्या धुळीने धरलेल्या घशाला
औषध पुन्हा डिंकच.
एक खडा जिभेखाली. चावायचा नाही,
विरघळेपर्यंत बोलायचं नाही,
हे तिच्या आईने घालून दिलेलं पथ्य.
पोटात आग पडली तर रात्रभर भिजवून,
भाजलं तर त्याच चिकट पाण्याचा हात,
बाळंतिणीला दुधातून, चिमूटभर.
जबारा सोन्याच्या खाणींकडे गेला
तेव्हापासून ती खडा जरा जास्तच वेळ धरते तोंडात.
कुणी त्याचं विचारलं की
फुगलेल्या गालाकडे बोट दाखवते.

तिचा तिजानी खलव्यात शिकतो.
काजळीत डिंक कालवून केलेली शाई,
लाकडी पाटी, बोरू.
तिथले फकी पाटीवर आयत लिहितात,
पाटी धुतात,
ते पाणी आजाऱ्याला पाजतात.
पोराने पाहिलं असणार.

परवा संध्याकाळी तो वाडगा घेऊन आला.
तळहात काळे, पाणी राखाडी.
"पी. खोकल्याचं आहे."
"काय लिहिलं होतंस?"
तो अंगठ्याने माती उकरत राहिला.
पाटी काखेत होती. ओली.
तिच्या कडेला एक अक्षर नीट गेलं नव्हतं.
मला वाचता येत नाही,
पण पोटात ठिपका असलेला जीम
तेवढा ओळखू येतो.

बतूलने तोंडातला खडा काढून
तोबेच्या टोकाला पुसला,
वाडगा एका दमात रिकामा केला,
तळाच्या काजळीसकट.
खोकली. पहिल्यासारखीच.

खडा पुन्हा गालात ठेवायच्या आधी
त्याला म्हणाली,
"शाईत डिंक जास्त घालतोस तू.
मग लवकर धुऊन जात नाही."