प्रवाली

जन्मदाखल्याच्या खिडकीत कारकुनानं विचारलं,
नाव?
मी म्हटलं, प्रवाली.
त्याच्या लिपीत प नाही, व नाही.
त्यानं ब घेतला, फ घेतला,
ओठांवर घोळवून पाहिलं,
आणि आठव्या दिवशी माझी मुलगी
कागदावर ब्रफाली झाली.
अर्थ काय?
कामाचा प्रश्न नव्हता तो,
मागे रांगेत तेरा माणसं होती.
पोवळं, मी म्हटलं. समुद्रातलं. लाल.
मर्जान! तो म्हणाला,
आणि शिक्का जरा हळू मारला.

नाव मृण्मयीनं काढलेलं.
तिच्या शब्दकोशात प्रवाळाचे दोन अर्थ,
एक रत्न, एक कोवळी पालवी.
तिनं पालवी घेतली.
देवरुखच्या आत्याबाईंनी रत्न धरलं:
मंगळाचा खडा तो, उद्या पोरीला मंगळी म्हणतील,
मोती ठेवा, तिकडे मोतीच निघतात ना?
मोती शिंपल्यात एकटाच वाढतो, आत्या, मी म्हटलं.
पोवळ्याचं तसं नाही, तिथं अख्खी वाडी असते.
फोनवर मग बराच वेळ
नुसता त्यांच्या पंख्याचा आवाज.

मुहर्रकच्या जुन्या गल्लीत
मी पडक्या घरांना चुना लावतो.
गिलावा सोलला की आत
पोवळ्याचे तुकडे, करडे, भोकाभोकांचे,
कुणीतरी ओहोटीला कापून आणलेले.
कान लावला तर समुद्र ऐकू येत नाही,
उगाच कशाला सांगू.
पण बोट फिरवून जिभेला लावलं
तर अजून खारट.

उस्ता मक्की थापी पुसत म्हणाला,
लाल मर्जान आमचं नव्हे.
ते लांबच्या पाण्यातलं,
गलबतातून आलं, विकलं गेलं, पुढे गेलं.
आमचं हे.
हे कुणी अंगठीत घालत नाही,
ह्याच्यावर छप्पर ठेवतात.

मग हिचं नाव नक्की कुठलं?
पान संस्कृतातलं, रंग परक्या समुद्राचा,
आणि राहायची परवानगी
दोन वर्षांची, माझ्या नोकरीइतकी.

रात्री ती भूक लागून ओरडते,
सगळं तोंड उघडून.
आत्याबाई म्हणतात, दाखव बघू.
मी फोन तिच्या तोंडाशी धरतो,
चुन्यानं फुटलेल्या बोटांनी.
दात नसलेल्या, ओल्या, लालभडक हिरड्या.

अगं बाई, आत्या म्हणतात,
पोवळीच की.