ओळ दोनशे सतरा

हळदीच्या अडतीत सर्व्हर ठेवू नये
हे कुठल्याच माहितीपुस्तिकेत लिहिलेलं नाही.
वसमतचा मोंढा, बाहेतींचा गाळा, पत्र्याखाली
जुना डेस्कटॉप, त्यावर लिनक्स,
पंख्याच्या पात्यांवर बोटभर पिवळं.
अमावास्येला मोंढा बंद असतो,
तेव्हा मी तो उघडून ब्रशनं झाडतो.
इर्शाद म्हणायचा, "मशीनला हळद लागली बा,
आता लग्न लावून टाक."

भांडण पहिल्या दिवसापासूनच.
मी गिटचा, तो मर्क्युरिअलचा.
मर्क्युरिअल सरळ माणूस, म्हणायचा,
विचारलं तेवढंच बोलतो;
गिट म्हणजे तहसिलीतला कारकून,
एका कामाला तीन खिडक्या.
मी म्हणायचो, खिडक्या आहेत म्हणूनच
चुकीचा कागद आत जायच्या आधी मागं घेता येतो.
आणि हे बघ, तो म्हणायचा,
ओळ कुणी लिहिली ते विचारायला
तुझ्याकडं ब्लेम. आमच्याकडं ॲनोटेट.
एक बोट दाखवतं,
दुसरं समासात टीप लिहितं.

शेवटी गिटच आलं.
मी जिंकलो म्हणून नव्हे,
नांदेडहून शिकून आलेल्या पोरांना तेवढंच येत होतं म्हणून.

गिटलॅब चढवून बघितलं,
होती नव्हती रॅम गिळून वर पाणी मागायला लागलं.
गिटिया कोपऱ्यात मांडी घालून बसायला तयार,
फोर्जेजो त्याचाच वेगळा निघालेला भाऊ,
चूल निराळी, भांडी बरीचशी तीच.
आम्ही धाकट्याला ठेवून घेतलं.
ॲप चालवायला कूलिफाय की डोकू?
कूलिफायची बटणं देखणी,
पण इर्शादला बटणांचा भरवसा नाही.
"डोकू निदान वरडतो तरी, काय बिघडलं ते."

चंपालाल मुनीम गादीवरून हे सगळं ऐकत.
एकदा वही पुढं सरकवली:
खोडायचं नाही. आडवी रेघ मारायची,
रेघेखालचा आकडा वाचता आला पाहिजे,
बाजूला सही.
"मग तुमी नवीन काय केलं?"
आम्ही दोघं चहा प्यायला गेलो.

मार्चात आवक चढली.
कुरुंद्याच्या गयाबाई पट्टी घेऊन आल्या,
मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं हिशोब.
"काहून रे, तोलाई दोनदा कापायलास?"
एकसष्ट पट्ट्या. गाळा भरलेला. हमालसुद्धा थांबले.
मी म्हणालो, तो भाग इर्शादचा आहे.

तो काहीच बोलला नाही.
मशीनकडं बघितलं, मग माझ्याकडं,
गाळ्याची किल्ली गादीवर ठेवली.
आता हैदराबादला असतो म्हणतात.

अमावास्येला पंखा झाडून झाल्यावर
मी ब्लेम चालवलं.
ओळ दोनशे सतरा.
समोर माझं नाव.
रात्रीचे दोन वाजून अकरा मिनिटं.
शेरा: किरकोळ दुरुस्ती.

आणि खाली एक फांदी, न जोडलेली:
तोलाई-एकदाच.
इर्शाद बागवान. गयाबाई यायच्या चार दिवस आधीची.
तपासणीसाठी माझ्याकडं पाठवलेली,
माझ्याकडंच पडून.

इतिहास नव्यानं लिहिता येतो गिटमध्ये.
जोर लावून ढकललं की जुनं नाव पुसलं जातं,
आणि त्या गाळ्यात बघणारं कोण होतं,
मी आणि पाल.
हात कळफलकावर होते.
किती वेळ ते सांगत नाही.

मग त्याची फांदी जोडली. शेऱ्यात लिहिलं:
तोलाई दोनदा कापली गेली. चूक माझी.
दुरुस्ती इर्शादची, आधीच झालेली,
मी बघितली नव्हती.
दोनशे सतरावर आता त्याचं नाव येतं,
मागं गेलं की माझं.

त्याचं खातं मी बंद केलेलं नाही.
काही जोडलं की त्याला मेल जातो,
म्हणजे जायला पाहिजे;
तेवढ्यात लाइट गेली, इन्व्हर्टर पीं पीं करायला लागला,
आणि मेल निघाला का अडकला
ते नोंदवहीत धड दिसत नाही.

सकाळी चंपालालनी गयाबाईंचे बेचाळीस रुपये
लाल शाईनं जमा केले.
बाजूला सही करायला
पेन माझ्याकडं दिला.