चारशे बारा ग्रॅम

जोसकुट्टी कायमचा कोट्टयमला निघाला तेव्हा
फ्रिज विकला, गालिचा कुणाला देऊन टाकला
आणि राखी पोपट आमच्या दाराशी ठेवला.
पिंजऱ्याला चिठ्ठी: नाव कुट्टन. वजन चारशे बारा.
वजन कशाला लिहायचं? मला हसू आलं होतं.

चार वर्षं, पहाटे पाचला,
फहाहीलच्या त्या तिसऱ्या मजल्यावर
मल्याळममधून विचारणा व्हायची, "चाया वेणो?"
चहा हवाय का.
आम्हीही "वेणम" म्हणायला शिकलो.

मार्चात धुळीचं वादळ आलं.
खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल, दिवसाही दिवे,
आणि कोंदट वास जावा म्हणून शेजारणीने दिलेला बखूर
मीच पेटवला, पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर.
चौथी पहाट गप्प गेली.
मी म्हटलं, बरं झालं, अर्धा तास जास्त झोप.
मी हे म्हटलं होतं.

रिफायनरीत स्टोअरकीपर आहे मी.
दोन बोल्ट कमी भरले तर रात्री झोप लागत नाही.
आणि घरात वाटीतले दाणे फोडून तसेच पडलेले,
खालच्या कागदावर हिरवट पाणी,
भरदुपारी डोळे मिटलेले.
पिसं फुलवून बसला तर हेमा म्हणाली,
"बघ कसा गुबगुबीत झालाय!"
मुलीने फोटो काढून आजीला पाठवला.
आजीने बदाम पाठवला, लाल.

शुक्रवारी तो दांडीवर नव्हता.
तळाशी, कोपऱ्यात,
आणि प्रत्येक श्वासाला शेपूट वरखाली,
शिलाई मशीनच्या पायट्यासारखी.

तीन दवाखाने म्हणाले, आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो.
चौथा कबदच्या रस्त्यावर, उंटांच्या गोठ्यांपलीकडे.
फोनवर बाई म्हणाल्या, ऊब द्या, पाणी चोचीत ओतू नका,
हळद नको, मध नको, घरचं काही नको. निघा.
एसी बंद, काचा वर,
हेमाच्या मांडीवर पिंजरा आणि गरम पाण्याची पिशवी,
आम्ही तिघं घामाने निथळत,
तो तेवढा थंड.

बाकावर आधीच एक ससाणा होता,
डोळ्यांवर कातडी टोपी, मुठीवर ताठ.
मालक पोरसवदा, थर्मास घेऊन आलेला.
त्याने कापडाकडे बोट केलं, "शफीह?"
काय झालंय याला.
मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, मलाही.
एका बाकावर शिकारी आणि शिकार,
दोघंही काही झालं नाही असं दाखवत.

डॉक्टर इहसान सुदानच्या.
छातीवरून बोट फिरवलं, थांबवलं,
माझंही बोट धरून तिथे टेकवलं.
हाड. सुरीच्या पाठीसारखं.
"पिसांखाली हे असतं," त्या म्हणाल्या,
"पक्षी आजार लपवतो. दिसला म्हणजे फार दिवस झाले."
काट्यावर तीनशे एकसष्ट.
चिठ्ठीतला तो आकडा
मला तिथे, काउंटरपाशी, वाचता आला.

मग दोन दिवस त्यांच्या ऑक्सिजनच्या पेटीत,
आणि घरी सिरिंजने औषध, सकाळ-संध्याकाळ, टॉवेलात गुंडाळून.
बखूर खाली देऊन आलो. नॉनस्टिक तवाही.
वही केली: तारीख, वजन, शीट, आवाज.
तीनशे अडुसष्ट. तीनशे पासष्ट. (हेमा जेवली नाही.)
तीनशे ऐंशी.

अकराव्या रात्री पिंजऱ्यातून खोकला.
कोरडा, तीनदा, शेवटी बारीक शिट्टी.
हेमाने अंधारातच रेकॉर्ड करून डॉक्टरांना पाठवला.
सकाळी उत्तर आलं:
छान, पक्षी पुन्हा नक्कल करायला लागला.
पण हा खोकला त्याचा नाही.
घरात कोण खोकतंय, आणि केव्हापासून?

हेमाने फोन माझ्यासमोर धरला.
मी म्हटलं, "धूळ आहे."
कुट्टनने मान तिरकी करून
एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं.
हेमाने वही उघडली,
नवं पान काढलं
आणि वर माझं नाव लिहिलं.