उसनी ऊब

बेटावर घरं दोन. एकात कुणी राहत नाही.
दुसऱ्यात स्टेइनुन, वय एकाहत्तर,
आणि जून लागला की पायरीपासून
भरतीच्या रेषेपर्यंत
साडेचारशे आयडर बदकिणी.

रात्र होत नाही इथे. सूर्य क्षितिजाला टेकतो,
जरासा घुटमळतो, आणि विसरलेलं काही आठवल्यासारखा
परत वर निघतो.
झोपायचं कधी, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.
स्टेइनुन झोपत नाही.
डोमकावळा आला तर, मिंक पोहत आला तर.
कुंपणावर तिनं जुने सदरे बांधलेत, लाल, पिवळे,
आणि खांबाला एक रेडिओ:
कॉड माशाचा भाव, वाऱ्याचा वेग, कुणाचं तरी निधन.
बदकिणी सगळं ऐकून घेतात.

बदकीण घरटं बांधते ते स्वतःला उपटून.
चोचीनं छातीवरची पिसं ओढते,
अंड्यांभोवती लावते,
आणि उघड्या पडलेल्या त्या कातडीनं
अंड्यांवर बसते.
आई म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं
तर मी एवढंच सांगेन
आणि विषय बदलेन.

स्टेइनुन गुडघ्यांवर बसते. गुडघे कुरकुरतात.
एक हात बदकिणीच्या पोटाखाली,
दुसऱ्यात सुकं गवत.
करड्या पिसांचा पुंजका बाहेर येतो, गवत आत जातं,
अंडं हलत नाही.
बदकीण तिच्या बोटाला एकदा टोचते, सवयीनं,
दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाला टोकतो तसं.

माझी टपालाची बोट मंगळवारी लागते.
पहिल्याच वर्षी मी धक्क्यावरून विचारलं होतं,
ही चोरी नाही का?
आहे की, ती म्हणाली.
पण चोरच रात्रभर पहारा देत असेल
तर त्याला काय म्हणशील?
मला सुचलं नाही.
भाडं, ती म्हणाली. भाडं घेते मी.
मग पाकिटं चाळता चाळता, स्वतःशीच:
का देते?

साठ घरटी मिळून एक किलो.
तारांच्या चौकटीवर घासून घासून
त्यातून शेवाळ झडतं, शिंपल्यांचा चुरा झडतं म्हणावं इतका बारीक,
आणि उरतं ते तळहातावर ठेवलं तर वजन लागत नाही.
नुसता तळवा तापतो,
जणू कुणी आत्ताच हात सोडून गेलं.
एइविन्दुर, तिचा मुलगा, ते शहरात विकतो.
एका रजईच्या पैशात चांगली गाडी येते म्हणे.
स्टेइनुनच्या अंगावर मेंढीच्या लोकरीचं कांबळं,
एका कडेला इस्त्रीनं डागलेलं.
पिसं वेचता वेचता बाईला पिसं लागलं,
असं गावात बोलतात. मीही बोललोय.

यंदा रिकाम्या घरामागे, पालथ्या होडीच्या आडोशाला,
एक बदकीण उठेना.
इतर पिलांना घेऊन पाण्यात उतरल्या, ही बसलेली.
स्टेइनुननं हात घातला
आणि थांबली.
बराच वेळ हात बाहेर आला नाही.
दगड, ती म्हणाली. दोन.
मिंकनं केव्हा डाव साधला कोण जाणे.
मग, मला न बघता: गरम आहेत.

मला वाटलं, आता हिला उठवेल, हुसकावेल.
इतका कोरडा व्यवहार तिला नक्की जमतो,
मी कोकरं विकताना पाहिलंय तिला.
तिनं पिशवीत हात घातला,
मूठभर पिसं काढली, सकाळपासून वेचलेल्यांतली,
आणि त्या दगडांभोवती नीट खोचली,
वारा येतो त्या बाजूनं जरा जास्त.
टपालात काय आहे, असं विचारत उठली.
विजेचं बिल होतं.

मी वल्हवत नाही, इंजिन आहे,
तरी त्या दिवशी हात भरून आले.

रविवारी माझी फेरी नसते. पण मासे धरायला गेलो
की लांबून बेट दिसतं,
आणि दोन्ही धुराड्यांतून धूर.
एकदा विचारलं. म्हणाली,
भिंती ओल धरतात रे, वापर नसला की.
तासभर चूल पेटवून बसते, बस.